कांजी पासी: वाळलेल्या लाल शेवाळातून घरी जेली कशी काढायची आणि ती घट्ट का होत नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत तमिळनाडूतल्या रामनाडकडच्या एक मामी राहतात, गावाहून येताना दर वेळी पिशवीभर वाळलेलं शेवाळ आणतात आणि चार-पाच घरांत वाटतात. मग पुढचे पंधरा दिवस माझ्या फोनवर एकच रड, "अगं ते घट्टच होत नाहीये." कुणाचं नुसतं पाणी राहिलेलं, कुणाच्या दुधात रबरासारख्या गुठळ्या, एकीने तर न धुताच शिजवलं आणि वाटीच्या तळाशी अर्धा चमचा वाळू. मी तरी काय शहाणी, पहिल्या तीन वेळचं माझंही सिंकमध्येच गेलंय. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी नावाचा घोळ. तमिळमध्ये कांजी म्हणजे आपली पेज आणि पासी म्हणजे शेवाळ, आपल्याकडच्या आंबवलेल्या कांजीशी याचा काही संबंध नाही. शास्त्रीय नाव ग्रॅसिलेरिया एड्युलिस. मन्नारच्या आखातात, रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर हे आपोआप वाढतं आणि तिथल्या बायका पाण्यात बुड्या मारून काढतात. याच्यातून जो चिकट पदार्थ निघतो तो अगर, म्हणजेच किराणा दुकानातलं चायना ग्रास. म्हणजे चायना ग्रास हे कुठलं गवत नाही, आणि चीनमधूनच यायला पाहिजे असंही नाही.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, निम्म्या चुका तिथेच संपतात: शेवाळ आधी नुसत्या पाण्यात पूर्ण उतरलं पाहिजे, दूध साखर फळं रस सगळं त्याच्यानंतर. घाईत सगळं एकाच पातेल्यात टाकलं की बिघडलंच म्हणून समजा.

## टप्पा १: हातात नक्की काय आहे ते बघा

तीन वेगळ्या वस्तूंना लोक सरसकट चायना ग्रास म्हणतात, आणि तिघांचं माप वेगळं असतं.

कच्चं वाळलेलं शेवाळ: जांभळट तपकिरी, कधी हिरवट, उन्हात भरपूर वाळवलेलं असलं तर पिवळसर पांढरं. सुतळीसारख्या गोल काड्या, फांद्या फुटलेल्या, हाताला ताठ लागतात. हा सगळा लेख मुख्यतः याच्यासाठी आहे.

पांढऱ्या पारदर्शक पट्ट्या किंवा दोऱ्या: वजनाला एकदम हलक्या, प्लास्टिकच्या पाकिटात येतात. हे तयार अगर आहे, त्याचं धुणं-शिजवणं कारखान्यात झालेलंय. याला टप्पा २ आणि ३ लागत नाहीत, फक्त माप आणि वितळवणं वेगळं, ते टप्पा ४ च्या शेवटी लिहिलंय.

पावडर: हीच सगळ्यात जास्त फसवते. मी एकदा मोठ्या बाजारातल्या एका दुकानातून "चायना ग्रास पावडर" म्हणून सुटी आणली आणि घरी सासूबाईंना अभिमानाने खिलवणार तोच शंका आली, गार पाण्यात चमचाभर भिजवली तर फुगून मऊ लगदा झाला आणि नुसत्या कोमट पाण्यातच विरघळली. म्हणजे जिलेटिन, प्राण्याच्या हाडा-कातड्याचं. अगर कोमट पाण्यात विरघळत नाही, त्याला खळखळून उकळीच लागते. पाकीटबंद घेत असाल तर मागे बारीक अक्षरात ४०६ हा नंबर शोधा, तो अगरचा. ४०७ असेल तर कॅराजीनन, तेही लाल शेवाळातूनच येतं पण वागणूक वेगळी, या मापात चालणार नाही.

कच्च्या शेवाळात भेसळ म्हणण्यापेक्षा सरमिसळ असते. त्याच किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ पण निघतं, चपटी पानं आणि मधे मुगाएवढे हवेचे फुगे. ते दिसलं की वेचून बाजूला काढा, त्यातून अगर निघत नाही.

तपासा: मूठभर शेवाळ जुन्या वर्तमानपत्रावर झटका. चमचाभर वाळू पडली तर चालेल, धुण्यात जाईल, पण किलोच्या भावाने घेतलं असेल तर निदान कळेल की वाळूचे किती पैसे दिलेत. काड्यांवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, जिभेला लावून बघा, खारट लागली तर मीठ आहे. कापसासारखी बुरशी असेल किंवा कुबट वास मारत असेल तर मात्र सरळ फेका, धुवून काही होत नाही. समुद्राचा वास येणारच, तो वेगळा.

आणि हे जरा गंभीरपणे: "आपल्याकडे खाडी आहे की, तिथूनच काढू" असं कुणीतरी दर वेळी म्हणतं. अजिबात नको. ठाण्याच्या खाडीत दोन्ही बाजूंच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येत आलंय, आणि शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून धरतं, ते उकळून जात नाहीत. शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलाय, तिथून काही उपटून आणायचं नसतं. आणि कोकणात फिरायला गेल्यावर खडकावर लाल शेवाळ दिसलं म्हणून तोडून कोशिंबिरीत टाकणं हाही वेडेपणा आहे. १९९१ मध्ये ग्वाम बेटावर ग्रॅसिलेरियाच्याच कुळातलं ताजं शेवाळ खाऊन १३ जण आजारी पडले, त्यातले ३ दगावले. त्या भागात लोक ते नेहमीच खात होते, फक्त त्या खेपेच्या शेवाळात विष होतं, आणि ते बघून कुणाला ओळखता आलं नाही. तेव्हा जे किनाऱ्यावरचे लोक वर्षानुवर्षं काढतात, वाळवतात, स्वतः खातात, तेच त्यांच्याकडून घ्यायचं.

## टप्पा २: धुणं, भिजवणं, उन्ह दाखवणं

याला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळे इथेच चालढकल करतात.

माप ५० ग्रॅम धरू. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर काढा, वाट्यांनी मोजू नका, कारण काड्या कशा रचल्या जातात त्यावर एका वाटीत १० ग्रॅमही बसतं आणि २५ ग्रॅमही.

१. मोठ्या परातीत शेवाळ कोरडंच पसरा, शिंपल्यांचे तुकडे, दोऱ्याचे धागे, बारीक खडे वेचा. चष्मा लावा. मामी हे काम गॅलरीत बसून तांदूळ निवडल्यासारखं करतात आणि त्यांचं बरोबर आहे.

२. परातीत भरपूर पाणी घाला, हाताने खळबळवा आणि शेवाळ वरून उचलून रोवळीत टाका. पाणी शेवाळासकट रोवळीत ओतायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली वाळू पुन्हा त्याच्यावरच येते. पालेभाजी धुतो तसंच. असं पाच-सहा वेळा, पाण्याखाली हात फिरवल्यावर बोटाला कचकच लागेनाशी होईपर्यंत.

३. मग स्वच्छ पाण्यात दोन तास भिजत ठेवा, मधे एकदा पाणी बदला. काड्या फुगतात, मऊ होतात, मीठ उतरतं. रात्रभर ठेवू नका, विशेषतः मे महिन्यात, सकाळी वास मारतं. अनुभवाचे बोल.

४. आता ऐच्छिक पण मी करतेच: भिजलेलं शेवाळ ताटात पसरून दिवसभर उन्हात वाळवायचं, संध्याकाळी पुन्हा धुवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्ह. असं दोन-तीन दिवस केलं की लालसर रंग उडून पिवळट पांढरं होतं आणि समुद्राचा वास बराच कमी होतो. जून ते सप्टेंबर याच्या नादाला लागू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ते वाळायच्या आधी चिकट होतं. पावसाळ्यात तसंच रंगीत वापरा, जेली जरा मळकट दिसेल, चवीला फरक थोडाच.

तपासा: एक काडी दाताखाली धरून चावा. खारट लागली तर अजून भिजवा, कचकचली तर अजून धुवा. जेलीत गेलेली वाळू नंतर कुठल्याही गाळण्याने पूर्ण निघत नाही.

## टप्पा ३: गॅस पेटवायच्या आधी एक निर्णय

दुधाची करायची का पाण्याची? हे आत्ताच ठरवा, मधे बदलता येत नाही.

कारण असं, की शेवाळाच्या काड्या चिवट असतात आणि उकळताना पाण्यात थोडा आंबटपणा असला तर त्या लवकर सुटतात, जपानमध्ये टोकोरोतेन नावाची शेवाळाची जेली करताना पण उकळत्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालतात. आपण अर्धं लिंबू पिळतो. पण तेच पाणी नंतर दुधात ओतलं तर दूध फाटणार, हे सांगायला नको तरी आमच्या गटातल्या दोघींनी केलंय, आणि एकीने "पनीर जेली" म्हणून खपवायचा प्रयत्न केला.

म्हणून:

- पाण्याची, म्हणजे शहाळ्याचं पाणी, सरबत, नारळाचं दूध: लिंबू चालेल.
- गाई-म्हशीच्या दुधाची: लिंबू अजिबात नाही, त्याऐवजी अर्धा तास जास्त शिजवायचं.

आंबटाचा दुसरा धोकाही आहे. अर्ध्या लिंबाने काम होतंय म्हणून दोन पिळली आणि तासभर उकळलं तर आंबट पाणी अगरलाच तोडतं आणि मग कितीही वेळ फ्रीजमध्ये ठेवा, ते सरबतच राहतं. दीड लिटर पाण्याला अर्धं लिंबू, बस.

## टप्पा ४: शिजवणं

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, किमान चार लिटरचं, कारण हे दुधासारखं फसफसून वर येतं.

१. धुतलेलं शेवाळ कात्रीने इंचभर कापा. कापलं की लवकर शिजतं, आणि गाळताना गुंता होत नाही.

२. दीड लिटर पाणी गार असतानाच शेवाळ टाका, मध्यम आचेवर उकळी आणा.

३. उकळी आली की लिंबू पिळायचं असेल तर आत्ता. गॅस मंद करा, झाकण अर्धवट.

४. ४५ मिनिटं ते तास. दुधाची करणार असाल तर दीड तास धरा. दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळा, हे बुडाला लागतं आणि लागलं की जळकट वास सगळीकडे पसरतो. पाणी फार आटलं तर उकळतं पाणी घाला, नळाचं गार नाही.

५. काड्या बोटांत दाबल्यावर चिरडल्या पाहिजेत आणि पाणी चमच्यावरून पातळ पाकासारखं ओघळलं पाहिजे.

कुकरचं काय, असं सगळ्या विचारतात. होतं लवकर, पण हा फेस शिटीच्या भोकात जाऊन बसतो आणि तिथेच घट्ट होतो, तेव्हा मी तरी उघड्या पातेल्यातच करते, तासभर गॅस गेला तर गेला.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी, ताटलीची: एक छोटी स्टीलची ताटली पाच मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. तिच्यावर शिजलेलं पाणी चमचाभर टाका, दोन मिनिटं थांबा, मग बोटाने ढकला. सरकताना सुरकुती पडली किंवा अख्खं उचललं गेलं तर झालंय. पाण्यासारखं पळालं तर अजून दहा मिनिटं आटवा आणि पुन्हा बघा. ही दोन मिनिटं वाचवायला जाऊन लोक सहा वाट्या फुकट घालवतात.

*पाकिटातल्या पट्ट्या वापरत असाल तर:* १० ग्रॅम पट्ट्या कात्रीने कापून दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा, एकही पारदर्शक धागा दिसता कामा नये. चमच्यात घेऊन उजेडाकडे धरा, धागे तरंगताना दिसले तर अजून उकळा. दूध किंवा रस धरून एकूण साधारण पाऊण लिटर घट्ट होतं. कांजी पासीपेक्षा ही जेली जरा कडक बसते, म्हणून एकीचं माप दुसरीला लावू नका.

## टप्पा ५: गाळणं

गरम असतानाच. गरम म्हणजे गॅस बंद केल्या केल्या.

अगरची गंमत अशी आहे की तो वितळायला ८५ अंशांच्या वर तापमान लागतं पण एकदा वितळला की ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत पातळ राहतो, आणि मग बघता बघता जमतो. म्हणजे फ्रीज लागतच नाही. तुम्ही फोनवर बोलत बसलात तर तो पातेल्यातच, चोथ्यासकट जमेल. असं झालं तर रडू नका, थोडं पाणी घालून पुन्हा उकळा, परत पातळ होतं, कितीदाही. जिलेटिनची जेली मे महिन्यातल्या ठाण्यात ताटातच वितळायला लागते, ही नाही, बाहेर ३८ असलं तरी ताठ उभी.

गाळायला आधी स्टीलची चाळणी, मग जुना स्वच्छ पंचा किंवा मलमल दुहेरी करून. कापड गरम पाण्यात बुडवून पिळून घ्या, कोरड्या गार कापडात जेली अडकते. पहिलं पाणी आपोआप उतरू द्या, ते स्वच्छ असतं. मग चमच्याने दाबून जे निघेल ते वेगळ्या भांड्यात, ते गढूळ असतं पण पेजेला उत्तम.

आता मोजा. ९०० मिली ते लिटरभर मिळालं पाहिजे. दुधाची करायची असेल तर हेच पुन्हा गॅसवर ठेवून अर्धा लिटर होईपर्यंत आटवा, कारण दूध घातल्यावर ते पातळ होणार आहे. हा हिशोब कुणी करत नाही आणि मग "दुधाची घट्ट होत नाही" म्हणून शेवाळाला नावं ठेवतात.

## टप्पा ६: मिसळणं, आणि इथेच सगळं घसरतं

नियम एकच: गरमात गरम. फ्रीजमधलं दूध थेट ओतलं की जिथे ते पडेल तिथे अगर जागच्या जागी जमतो आणि शेवयांसारखे धागे होतात, मग कितीही घोटा. त्या गुठळ्या मोडायचा एकच उपाय, सगळं पुन्हा उकळायचं.

*दुधाची:* अर्धा लिटर आटवलेलं शेवाळपाणी, ४०० मिली दूध वेगळं उकळून, त्यातच साखर विरघळवून, वेलची-जायफळ घालून. जायफळ जरा सढळ हाताने, समुद्राचा जो काही वास उरलाय तो त्यात लपतो. दोन्ही गरम, मग एकत्र. साखरेऐवजी गूळ नको, गरम दुधात गूळ दूध फाडू शकतो. गूळच पाहिजे तर नारळाचं दूध घ्या, आणि माझं मत विचाराल तर तेच घ्या, कोकणी जिभेला हे खरवसाच्या जवळचं लागतं. नारळाचं दूध मात्र उकळायचं नाही, कोमट करून गॅस बंद केल्यावर मिसळायचं.

*कोकम किंवा लिंबाची:* साखर गरम पाण्यात विरघळवा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग कोकम आगळ किंवा रस घाला, तोही फ्रीजमधून काढलेला नको, बाहेर ठेवून नेहमीच्या तापमानाला आलेला. आगळ घालून उकळलंत तर टप्पा ३ मध्ये सांगितलेलीच गत.

*फळांची:* ताजा अननस, पपई, किवी घातलं की जेली बसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांचं जिलेटिनच्या बाबतीत बरोबर आहे, कारण ते प्रोटीन असतं आणि या फळांतले पाचक घटक प्रोटीन तोडतात. अगर प्रोटीन नाहीच, त्यामुळे अननसाचे तुकडे बिनधास्त टाका. फक्त फळं फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि पाणी निथळा.

ताटाला किंवा वाट्यांना आतून पाण्याचा हात फिरवा, तूप नको. ओता, वरचा फेस चमच्याने काढा आणि ओट्यावरच पाऊण तास हलवू नका. जमल्यावर हवं तर फ्रीजमध्ये, गार खायला छान लागतं, दोन-तीन दिवस टिकते. वर थोडं पाणी सुटेल, ते साहजिक आहे, ओतून टाका.

## टप्पा ७: पेज, जिच्यामुळे याचं नाव पडलं

जेलीपेक्षा मला ही जास्त आवडते, आणि यात बिघडण्यासारखं कमी आहे, तेव्हा पहिल्यांदाच करणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी.

चूक एकच होते: तांदूळ आणि शेवाळ एकत्र टाकतात. तांदूळ वीस मिनिटांत मोडतो, शेवाळाला पाऊण तास, मग एकतर चिवट काड्या नाहीतर खळ. तर आधी २० ग्रॅम धुतलेलं शेवाळ बारीक कापून चार वाट्या पाण्यात ४० मिनिटं शिजवा, त्यात अर्धी वाटी तांदळाची कणी धुवून टाका, आणखी गरम पाणी लागेल तसं, मीठ, आल्याचा तुकडा ठेचून. कणी मऊ झाली की गॅस बंद, वाटीभर नारळाचं दूध. टप्पा ५ मधलं गढूळ पाणी उरलं असेल तर तेही यातच.

गरमच वाढा. पहिल्यांदा केली तेव्हा आमचे हे ऑफिसातून उशिरा आले आणि झाकण काढून म्हणाले, "हे काय, पेजेची वडी?" पातेल्यात सुरी घालून कापता येत होती. पाणी घालून गरम केली, पूर्ववत.

मुंब्र्याला रमझानात इफ्तारच्या ताटात दुधाची चायना ग्रास पुडिंग मिळते, तमिळनाडू-केरळकडच्या मुस्लिम घरांत पण असते, तिथे तिला कडल पासी म्हणतात. दिवसभराच्या उपासानंतर पोटाला गार आणि हलकी. आपल्या एकादशी-चतुर्थीला चालते का, यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत आणि मी त्यात पडत नाही, घरातल्या मोठ्यांना विचारा.

## टप्पा ८: उरलेल्या जेलीच्या घरगुती पट्ट्या

साखर-दूध काही न घातलेली साधी जेली उरली तर फेकू नका. अर्धा इंच जाड काप करा, फ्रीजरमध्ये रात्रभर. सकाळी रोवळीत काढून ठेवा. बर्फ वितळताना पाणी निथळून जातं, त्याच्याबरोबर रंग, मीठ आणि वासही, आणि मागे स्पंजासारखा तुकडा राहतो. हलक्या हाताने दाबा, कापडावर पसरून उन्हात खडखडीत वाळवा. थंड देशांत पट्ट्या बनवायची जुनी पद्धत हीच, तिथे रात्रीची थंडी जे करते ते आपला फ्रीजर करतो.

म्हणूनच खायची जेली चुकूनही फ्रीजरमध्ये ठेवू नका, तिचाही स्पंजच होईल.

तपासा: पट्टी वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ओल आहे, डब्यात बुरशी येणार. हवाबंद डबा, आणि पावसाळ्यात सारखा उघडायचा नाही.

## कुणी जपून

थायरॉईडची गोळी चालू असेल तर रोज खायला लागायच्या आधी डॉक्टरांना विचारा, समुद्री शेवाळात आयोडीन असतं. लहान मुलांना आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना छोट्या गोल साच्यातली अख्खी जेली देऊ नका. ती जिभेवर वितळत नाही, सरळ घशात जाऊन अडकू शकते. चमच्याने मोडून भरवा. आणि "वजन उतरतं" म्हणून कोरडी पावडर घोटभर पाण्याबरोबर गिळायचा जो प्रकार सुरू झालाय तो बंद करा, ती घशातच फुगली तर दवाखाना गाठावा लागेल.

## बिघडलं तर पटकन बघायला

घट्ट झालीच नाही आणि आंबट काही घातलं नव्हतं: पुन्हा उकळा, आटवा, ताटलीची तपासणी करा. वाचते.

घट्ट झाली नाही आणि आंबट घालून उकळलं होतं: ती वाचत नाही. थोडी आटवून, सब्जा घालून सरबत म्हणून प्या.

रबरासारखी कडक: गरम पाणी घालून पुन्हा वितळवा, एका लिटरला वाटीभरापासून सुरुवात.

दोन थर झाले, खाली पाणी वर दूध: मिसळताना एक गार होतं. पुन्हा एकत्र गरम करा, थोडं निवेपर्यंत हळूहळू ढवळत राहा आणि मगच ओता.

वास येतोय: धुणं कमी पडलं. या वेळी जायफळ, पुढच्या वेळी उन्ह.

गाळून राहिलेला चोथा मी दोन पाण्यांत धुवून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली दाबते. धुवायचा मात्र आठवणीने, एकदा तसाच खारट घातला होता तर खालची सगळी पानं पिवळी पडली.